चवथीच्या गर्दीत चिमी काय सांगत असते

कुत्रं गुरगुरलं की घरातलं कुणीतरी हमखास ओरडतं, "ए, गप!" कुत्रं गप्प होतं आणि सगळ्यांना वाटतं, वळण लागलं. मला मात्र त्या गप्प झालेल्या कुत्र्याचीच जास्त भीती वाटते. गुरगुरणं हा इशारा असतो. त्यावर दरवेळी ओरडा किंवा मार मिळत गेला, तर कुत्रं इशारा देणं सोडतं. त्याला जे खुपत होतं, ते तसंच राहतं. मग एक दिवस 'काही कारण नसताना एकदम चावला' म्हणून त्याच्या नावाने बोंब होते.

कारण असतं. आमची चिमी गावठी आहे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सापडलेली. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, आमचं डिचोलीचं घर पै-पाहुण्यांनी भरतं. गणपतीपुढे टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसायला जागा उरत नाही, आरतीला घुमट आणि शामेळ ही वाद्यं घुमतात, अंगणात फटाके, आणि या सगळ्यात चिमीच्या अंगाला झोंबणारी लहान मुलं. ती आधी मान फिरवते. मग खायला काही नसताना नाक चाटते. जांभई देते, पाहुण्यांना वाटतं, झोप आली. मूल आणखी जवळ सरकलं की तिचं तोंड मिटतं, अंग ताठ होतं, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसायला लागते. गुरगुरते ती त्यानंतर. आपल्याला तिचा पहिला शब्द तोच वाटतो, कारण आधीचं सगळं तिने आवाज न करता सांगितलेलं असतं.

गेल्या चवथीला मावशीच्या नातवाने तिच्या गळ्यात हात टाकले. मावशी कौतुकाने म्हणाली, "शेपटी हलवतेय बघ, आवडतंय तिला!" शेपटी हलत होती खरी, पण उंच आणि ताठ, नुसतं टोक थरथरत होतं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी त्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या. घरात तेवढं कोण निरखणार! पण शेपटी हलली म्हणजे कुत्रं खूश, हा समज तरी आपण सोडायला हवा. मी मुलाला हाक मारून बाजूला घेतलं, मागचं दार उघडलं. चिमी लगेच निघून गेली.

प्रत्येक गुरगुर सारखीही नसते. बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांपुढे हाड ठेवून लपवलेल्या स्पीकरवरून वेगवेगळ्या गुरगुरी ऐकवल्या. २०१० मध्ये छापलेला हा प्रयोग मला फार आवडतो. अन्न राखताना केलेली गुरगुर ऐकून कुत्री हाडापासून मागे हटली. खेळातल्या गुरगुरीचा तसा परिणाम झाला नाही. चिमी दोरी ओढताना गुरगुरते तेव्हा तिचं अंग सैल असतं, मध्येच ती पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करते. तिथे काळजीचं काही नाही.

२०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित' जाहीर झाला. त्यामागे गावोगाव जाळी घेऊन भटक्या कुत्र्यांना लस टोचत फिरणाऱ्यांचे कष्ट आहेत, आणि त्यांचा मला मनापासून आदर आहे. पण लशीने चावणं थांबत नाही. चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा, यात हयगय नको.

चवथीत चिमीला मी मागची खोली देते. पाणी, जुनी गोधडी, आवाज दबावा म्हणून पंखा चालू, आणि तिथे मुलांना मज्जाव. आपल्याला ऐकूच येत नाहीत असे बारीक, उंच आवाजही तिच्या कानांना ऐकू येतात. आपल्याला नकोसे होणारे फटाके तिला कसे वाटत असतील? पहाटे, फटाके सुरू व्हायच्या आधी, तिला शेताच्या बांधावर नेते. तिथे मी घाई करत नाही. एकेका गवताच्या काडीशी ती कितीही रेंगाळो, हुंगणं ही तिची गरज आहे, आणि त्यानंतर ती दिवसभर निवांत पडते.

या वर्षी येणाऱ्या मुलांना मी एवढंच शिकवणार आहे: तिच्या अंगावर वाकायचं नाही, तिला आपल्याकडे येऊ द्यायचं. आली तर छातीवर थोडं खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तिने नाकाने हात ढोसला तर पुन्हा खाजवायचं. मान वळवली तर उठून खेळायला जायचं.