दिव्यामागचा हात

एका प्रसिद्ध चित्राचं मी पूर्वी विडंबन काढलं होतं. त्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर स्वतःहून बोलणं मी कधीच सोडून दिलंय. जुने विद्यार्थी गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या बाजारात गाठतात. हातातली मासळीची पिशवी ठिबकत असते, आणि नेमकं तेव्हाच विचारतात, "सर, इतक्या देखण्या चित्राची तुम्ही तशी दशा का केलीत? लोकांनी सोडलं कसं तुम्हाला?"

ते देखणं चित्र म्हणजे सा. ल. हळदणकरांची दिवा घेतलेली बाई. 'ग्लो ऑफ होप' या नावानं ते जगभर ओळखलं जातं. मूळ जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि त्याच्या छापील प्रती निम्म्या मराठी घरांच्या दिवाणखान्यात. यातल्या निम्म्या घरांत ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात. रविवर्मा 1906 साली गेला आणि हे चित्र चाळीसच्या दशकातलं, पण ऐकतो कोण! हळदणकर आमच्या शेजारच्या सावंतवाडीचे, म्हणून मला तो राग जरा जास्तच येतो.

1991 ची दिवाळी. गावच्या वाचनालयात दरवर्षी दिवाळी अंकांचं प्रदर्शन मांडायचे. त्या वर्षी कुणीतरी म्हणालं, शेजारच्या खोलीत चित्रंही लावू, विषय 'दिवा'. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो, त्यामुळे मला विचारणं ओघानंच आलं. त्यांना पणत्या आणि रांगोळ्या हव्या होत्या. फारच झालं तर मारियोच्या वळणाचं काहीतरी. गोव्यात व्यंगचित्र म्हटलं की लोकांना मारियो मिरांडाच हवा असतो. बाजार, पाव विकणारा पोदेर, खिडकीतून डोकावणारी बाई आणि कोपऱ्यात कुत्रा. मलाही तेच आवडतं, पण हात तसा चालत नाही.

मी हळदणकरांची बाई काढायला घेतली. काळी शाई, टाक आणि ब्रश. विडंबन करायचं तर मूळ चित्र पाठ असावं लागतं, टवाळकी करणाऱ्यांना हे कष्ट ठाऊक नसतात. ज्योतीला आडोसा देणाऱ्या हाताची बोटं आतून उजळलेली दिसतात ना, त्यांनी मला आठ दिवस रडवलं. जलरंगात उजेड लावायचा नसतो, राखायचा असतो. कागदाचा पांढरा तेवढा सोडायचा आणि भोवती काळोख चढवत न्यायचा. असं करता करता लक्षात आलं की या चित्रात काळोखच जास्त आहे. आपल्याला दिवा आठवतो, चेहरा आठवतो. बाईच्या मागे काय आहे हे मी शंभर जणांना तरी विचारलं असेल, एकालाही सांगता आलं नाही.

तिथं मी एक हात काढला. काळोखातून पुढे आलेला, मनगटापर्यंत पांढरी बाही, आणि त्यात कलता धरलेला रॉकेलचा डबा. बाईच्या पायाशी पितळी स्टोव्ह. खाली वर्तमानपत्री अक्षरात एकच ओळ : 'उद्याची बातमी – स्टोव्हचा भडका'.

हे कुठून आलं? मुंबईत शिकत असताना मी चाळीत राहायचो. खालच्या मजल्यावरची सून भाजून गेली. पेपरात तीन ओळी आल्या, त्यात हेच दोन शब्द. तेव्हा अशा बातम्या रोज येत, आणि स्टोव्ह सुनेच्याच हातात का फुटतो, सासूच्या का नाही, असं बायका मोर्चांमध्ये विचारू लागल्या होत्या. पुढे 1983 साली दंडविधानात सासरच्या छळाविरुद्धचं 498 अ कलम आलं, 1986 साली हुंडाबळीचं 304 ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई अशी मेली आणि मरणापूर्वी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचं दिसलं, तर तिच्या मरणाला नवरा किंवा सासरचेच कारण, असं गृहीतच धरायचं. चाळीतल्या त्या सुनेचा नवरा रेशनच्या रांगेत माझ्या पुढे उभा असायचा. एकदा त्यानं माझा रॉकेलचा डबा भरून आणून दिला होता. तो हात मला पाठ होता. तोच मी काढला.

आता लोकांचं. पहिल्या संध्याकाळी बरेच जण हसले. हो, हसले! ओळखीचं चित्र दिसलं की माणूस आधी हसतो आणि मग वाचतो. एकजण ओळ वाचूनसुद्धा हसतच राहिला. त्याच्याशी मी नंतर कधी नीट बोलू शकलो नाही. रागावलेल्यांचं मला एवढं वाटलं नाही. दिवाळीसारख्या सणाला हे अभद्र कशाला, असं वाचनालयाच्या मंडळींनी सांगितलं. आदल्याच रात्री रस्त्यावर नरकासुराचा वीस फुटी पुतळा पेटवून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलेलं सापडलं. मी ते सुलटं केलं. संध्याकाळी पुन्हा उलटं. तीन दिवस आमचा हा मूक संवाद चालला.

सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य मात्र वेगळं होतं. "मास्तर, हें घाटार जाता. आमच्या गोंयांत ना." म्हणजे हे घाटावर घडतं, आमच्या गोव्यात नाही. ते म्हणणारे खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे पोर्तुगिजांच्या 1867 च्या नागरी संहितेचा वारसा. नवरा-बायकोची मिळकत सामाईक, मुलीला भावाइतकाच वाटा, आणि आईबापांना मनात आलं तरी अर्ध्या इस्टेटीवरचा मुलांचा हक्क काढून घेता येत नाही. चांगलंच आहे. पण लग्न ठरलं की बहिणीला नोटरीकडे नेऊन हक्क सोडल्याची सही घ्यायची, हे तुमच्या माझ्या घरात झालेलं आहे. माझ्या बहिणीनंही सही केली. त्या वेळी मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो, पेन माझंच होतं.

एक टीका मात्र मला अजून लागते. शाळेतले आमचे मराठीचे सर शांतपणे म्हणाले, "ती बाई कोण ठाऊक आहे ना? हळदणकरांची मुलगी. बापानं तिला दिवा दिला हातात. तुम्ही तिच्या मागे हे उभं केलंत." मला ठाऊक होतं. तिचं नाव गीता हेही ठाऊक होतं. पण ती कुठेतरी जगते आहे, हे डोक्यात आलं नव्हतं. 2018 साली गीताबाई कोल्हापुरात वारल्याची बातमी आली, वय 102. म्हणजे मी डबा धरला तेव्हा त्या होत्या, आणि पुढे सत्तावीस वर्षं होत्या. सर बरोबर होते असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

विडंबन हे चित्राच्या टिंगलीसाठीच असतं असं आपण धरून चालतो. गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णी छायाचित्रकारानं 1942 साली वॉशिंग्टनमध्ये एका सरकारी इमारतीतल्या सफाई कामगार बाईला अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप. ग्रँट वुडच्या 'अमेरिकन गॉथिक' या चित्रातल्या, गवत उचलायचा काटा धरलेल्या शेतकऱ्याच्या थाटात. त्यात वुडची चेष्टा कुठेच नाही. हा फोटो मला फार उशिरा पाहायला मिळाला. आधी पाहिला असता तर त्या तीन दिवसांत तोंड उघडायला थोडा धीर आला असता.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत कुणी नव्हतं. वाडीवरची एक म्हातारी आली, नातवाला शोधत. चित्र उलटंच होतं. तिनं ते स्वतः सुलटं केलं, पदरानं काच पुसली आणि बराच वेळ पाहत राहिली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती.

"हो हात कोणाचो?" तिनं विचारलं.

"घोवाचो," मी म्हणालो. नवऱ्याचा.

"एकटोच?"

मला काही सुचेना. मी मुंबईची गोष्ट सांगू लागलो, चाळ, रांग, डबा. तिनं मध्येच विचारलं, "तूं थंय आशिल्लो?" नव्हतो. मी तिथे कधीच नव्हतो. वर्गात होतो, लोकलमध्ये होतो, आणि मग जिन्यात जमलेल्या गर्दीत.

तिनं काचेवर, डब्याच्या दुसऱ्या बाजूला बोट टेकलं. तिथं आणखी एक हात काढ म्हणाली. "कांकणां घाल ताका. पाचवीं."

हिरव्या बांगड्या. मी म्हटलं, आजी, शाई काळी आहे, हिरवा रंग कसा दिसणार?

"बायलो वळखतल्यो," ती म्हणाली, आणि नातवाला हाक मारत बाहेर गेली.

प्रदर्शन त्याच संध्याकाळी उतरलं. घरी आणून मी काच काढली आणि दुसरा हात काढला.