चमत्काराच्या मागचा हिशेब

नायजेरियातल्या पास्टरांचे व्हिडिओ आता जालना-बीडपर्यंतच्या मोबाईलवर फिरतात. त्यात चमत्कार तेवढा दिसतो. ही माणसं एवढी मोठी कशी झाली हे समजून घ्यायचं तर आधी १९८६ साल बघावं लागतं. त्या वर्षी तिथल्या लष्करी सरकारने आर्थिक फेररचना आणली, नायरा हे तिथलं चलन कोसळलं आणि शिकलेल्या पोरांच्या हाताला काम उरलं नाही.

रिडीम्ड चर्च हे तिथलं एक मोठं चर्च १९५२ पासून होतं, पण योरूबा भाषेतलं, कडक सोवळ्याचं. १९८१ मध्ये विद्यापीठात गणित शिकवणारे इनॉक अडेबोये त्याचे प्रमुख झाले. त्यांनी याच पोरांसाठी इंग्रजी उपासना आणि बँडवाल्या शाखा काढल्या. पद्धत साधी: आधी घरगुती प्रार्थनागट, मग भाड्याच्या हॉलात शाखा. शाखांवर एरिया, त्यावर झोन, त्यावर प्रांत. सभासदाने कमाईचा दहावा हिस्सा द्यायचा आणि शाखेने जमेतला वाटा वर पाठवायचा. आपल्याकडे जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं ते स्कॉटिश मिशनच्या पाठबळावर. रिडीम्ड चर्चचा पैसा मात्र सभासदांच्या खिशातला. त्यातूनच लागोस-इबादान महामार्गावर अख्खं शहर उभं राहिलं. घरं, बँका, रस्ते, स्वतःचं गॅसवर चालणारं वीजकेंद्र! बाहेर लाईट गेलेली, आत चालू. यापेक्षा मोठी साक्ष कुठली?

दुसऱ्या एका बड्या चर्चचे संस्थापक डेव्हिड ओयेडेपो तर शिक्षणाने आर्किटेक्ट. ओटा इथलं त्यांचं ५०,००० आसनांचं सभागृह १९९९ मध्ये खुलं झालं.

गडबड होते ती ‘दान म्हणजे बीज’, म्हणजे दिलेलं कैक पटीने परत उगवतं, या शिकवणीत. आपल्याकडे बियाणं उगवलं नाही तर दुबार पेरणी करावी लागते, पण निदान कृषी कार्यालयात तक्रार तरी करता येते. तिथे दोष पेरणाऱ्याच्या श्रद्धेवर जातो.

आणि वर जाब विचारणारं कुणी नसतं. लागोसमधले आणखी एक पास्टर टी. बी. जोशुआ यांच्या चर्चची अतिथी इमारत २०१४ मध्ये कोसळून शंभरावर माणसं गेली. बांधकामाला परवानगीच नव्हती. वीस वर्षांहून जास्त काळ पदावर असलेल्या धर्मप्रमुखांनी पायउतार व्हावं, अशी संहिता सरकारी वित्त नियामकाने आणली होती. जानेवारी २०१७ मध्ये अडेबोयेंनी नायजेरियापुरता वेगळा प्रमुख नेमला. दोन-तीन दिवसांतच सरकारने त्या नियामक संस्थेच्या प्रमुखालाच पदावरून काढलं आणि संहिता स्थगित केली. अडेबोये जगभरच्या चर्चचे प्रमुख राहिलेच. पुढे २०२० च्या कंपनी कायद्याने अशा संस्थांचे विश्वस्त निलंबित करण्याचा अधिकार सरकारी आयोगाला दिला, तेव्हा जाहीर विरोधात ओयेडेपो आघाडीवर होते.