‘या सीटचा सेन्सर खराब आहे, मॅडम’

माझ्या एका खोट्यापायी अम्युझमेंट पार्कातली आमची राइड ४७ मिनिटं बंद राहिली. डाउनटाइमच्या वहीत नोंद आहे : ‘सीट १४, सेन्सरची तक्रार, तपासणीत दोष आढळला नाही.’ आढळणार कसा? नव्हताच. पार्कचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच नोकरी करतेय.

मी प्लॅटफॉर्मवर असते, पाच वर्षं झाली. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे बटण दाबणं. बटण दाबणारा मुलगा एसी केबिनमध्ये बसतो. आमचं काम हातांचं. चष्मे, गजरे, पॉवर बँका बाजूला ठेवायला लावायच्या, ओढण्या कमरेला बांधायला लावायच्या, मंगळसूत्र आत सारायला सांगायचं. मग खांद्यांवरून हार्नेस, म्हणजे छातीला धरून ठेवणारी चौकट, खाली घ्यायचा, त्याचे क्लिक ऐकायचे, मांड्यांमधून वर येणारा पट्टा त्याच्या बकलात अडकवायचा आणि हार्नेस एकदा वर ओढून, एकदा खाली ढकलून बघायचा. वीस सीटच्या गाडीत बायका-मुली बसल्या असतील तिथे मी जाते. माझा हात एकीचा झाला की दुसरीवर आपोआप जातो. डोळे मिटून सांगेन कुठली सीट ढिली वाटते.

त्या पट्ट्याबद्दल थोडं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. लोकांना वाटतं पट्टा माणसाला धरून ठेवतो. धरतो हार्नेस. पट्टा जोडीला असतोच, पण आमच्या दृष्टीने ती मोजपट्टी आहे. त्याची लांबी ठरलेली. बकलापर्यंत पोचला म्हणजे हार्नेस पुरेसा खाली आलाय, नाही पोचला म्हणजे छाती किंवा पोट आड येतंय. वजनाचा इथे वाटतो तेवढा संबंध नाही. जिममध्ये जाणारा रुंद छातीचा पोरगा अडकतो आणि नव्वद किलोच्या मावशी मजेत बसतात, कारण त्यांचा भार कमरेखाली. मांडीवर दांडा येणाऱ्या राइडवर त्याच मावशी अडकतील. मी आधी तसल्या एका फॅमिली राइडवर होते. दोघांमध्ये एकच दांडा. आई आणि सहा वर्षांचं पोर शेजारी बसलं की दांडा आईच्या पोटाशी थांबायचा आणि पोराच्या मांडीवर वीतभर फट. मी सांगायचे, पोराला बाबांजवळ द्या. मग बाबांचं पोट दिसलं की गप्प बसायचे.

नवीन होते तेव्हा आम्ही दाबायचो. दोघांनी दोन बाजूंनी, ‘सर, श्वास सोडा’ म्हणत. पट्टा लागला की रांगेतून टाळ्या. मग २०२२च्या मार्चमध्ये अमेरिकेत ओरलँडोला ड्रॉप टॉवरवरून, म्हणजे उंच मनोऱ्यावर नेऊन एकदम खाली सोडणाऱ्या राइडवरून, चौदा वर्षांचा मुलगा पडून गेला. व्हिडिओ आमच्या ग्रुपवर लगेच आला, मी अर्धाच पाहिला. चौकशीत काय निघालं ते पुढे ट्रेनिंगमध्ये सांगितलं गेलं. त्या राइडची मर्यादा साधारण १३० किलो, मुलगा १७०च्या वर. त्याच्या सीटचा सेन्सर, म्हणजे हार्नेस पुरेसा बंद झालाय का ते यंत्राला सांगणारा, हाताने सरकवलेला, त्यामुळे हार्नेस नेहमीच्या जवळजवळ दुप्पट उघडा राहिला तरी सगळं ठीक दिसत होतं. पट्टा तर त्या राइडला नव्हताच. तेव्हापासून मी कोणाला दाबलेलं नाही.

आता तो दिवस. डिसेंबर, म्हणजे सहलींचा हंगाम. नववीचा वर्ग, मध्यरात्री एसटीने निघालेला, डोळ्यांवर झोप आणि तोंडाला चिवड्याचा वास. बरोबरच्या मॅडम पन्नाशीच्या, अंगाने भरपूर, गळ्यात शिट्टी. सत्तर मिनिटं पोरांबरोबर उन्हात उभ्या होत्या. त्यांना बसायचं नव्हतं असं मला वाटलं, पण ‘मॅडम पण, मॅडम पण’ असा पोरांनी गिल्ला केला आणि त्या हसत चौथ्या रांगेत, सीट १४ वर बसल्या. गाडीत बाकीचे एकोणीस जण त्यांचेच विद्यार्थी.

हार्नेस छातीशी थांबला. ‘मॅडम, कंबर पार मागे न्या, पाठ टेकवा, श्वास सोडा.’ बहुतेकांचं एवढ्यावर भागतं, कारण माणूस घसरून बसलेला असतो. त्या घसरून बसल्या नव्हत्या. पट्टा चार बोटं कमी पडला. पलीकडच्या बाजूने माझा सहकारी आला, डोळ्यांनीच विचारलं, दाबूया? मी नकारार्थी मान हलवली. आणि गाडी शांत झाली. एकोणीस पोरं, एकाचाही आवाज नाही. हसली असती तर बरं, मी दरडावलं असतं.

त्या शांततेत माझ्या तोंडून निघालं, ‘या सीटचा सेन्सर खराब आहे, मॅडम.’

‘हो का? मग शेजारी बसते,’ त्या म्हणाल्या आणि उठल्यासुद्धा. साहजिकच आहे. सीट खराब असेल तर माणूस दुसऱ्या सीटवर बसेल, एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. १५ वरचा मुलगा उठून १४ वर गेला. तिथे त्याचा पट्टा खटकन लागला. मॅडमचा १५ वर पुन्हा चार बोटं कमी. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने वळून विचारलं, ‘ताई, हिचा पण सेन्सर गेला?’ खवचटपणे नाही, खरंच काळजीने.

त्या मुलाची सीट होती ११. आमच्या गाडीत १० आणि ११ या दोन सीट मोठ्या मापाच्या आहेत, पट्टा लांब. बाहेर कुठे लिहिलेलं नाही, पण आम्हाला माहीत असतं. बसायला येताक्षणीच मी म्हणायला हवं होतं, ‘मॅडम, पुढे बसा, तिथला पट्टा मोठा आहे.’ आता ते वाक्य बोलायचं म्हणजे आधीचं खोटं कबूल करायचं. मी दोन सेकंद गप्प उभी राहिले. तेवढ्यात गेटपलीकडच्या पुढच्या तुकडीतले एक गृहस्थ ओरडले, ‘सेन्सर बिघडलेत आणि गाडी सोडताय?’ मोबाइल वर. केबिनमधल्या मुलाने ते ऐकलं आणि राइड थांबवली. एरवी त्याचं माझं फार पटत नाही, पण त्याने केलं ते बरोबर. प्लॅटफॉर्मवर बिघाड हा शब्द निघाला की गाडी रिकामी, मेकॅनिक, सीटची तपासणी, रिकाम्या फेऱ्या. मी म्हटलं असतं की सगळं ठीक आहे, मी खोटं बोलले, तरी ४७ मिनिटं जाणारच होती. मी तसं म्हटलंही नाही.

मॅडम बाहेरच्या बाकावर पोरांच्या बॅगा सांभाळत बसल्या. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी विचारलं, ‘किती इंच लागतं?’

मला सांगता येईना.

‘काल रात्री तुमची वेबसाइट बघितली. उंचीच तेवढी दिलीय.’ मग जरा थांबून, ‘झाला का दुरुस्त?’

‘होईल,’ मी म्हटलं. राइड सुरू झाली तेव्हा त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती आणि नंतर बस. त्या एकोणीस पोरांची ती राइड राहिलीच.

सुपरवायझर सर संध्याकाळी चिडले, ‘दया घरी दाखवायची.’ ते वाईट नाहीत, त्यांना फक्त रीलची भीती वाटते. पण आमची टेस्ट सीट, म्हणजे आपण मावतो का ते आधी बसून बघायची सीट, कुठे आहे ते ऐका : फोटो काउंटरच्या मागे, बाहेर पडण्याच्या वाटेवर. राइड झाल्यावर लोक तिच्यात बसून सेल्फी काढतात. तोंडाशी ठेवली तर वातावरण निगेटिव्ह होतं, असं मार्केटिंगचं म्हणणं. टेक्सासमध्ये २०१३ साली रोलर कोस्टरवरून एक बाई पडून गेली, त्यानंतर तिथे पट्टे आले आणि बसून बघायची सीट राइडच्या तोंडाशी आली. ओरलँडोत २०१०मध्ये हॅरी पॉटरची राइड सुरू झाली तेव्हा जाड माणसं सीटमध्ये मावेनात, तर त्यांनी कडेच्या सीट बदलून घेतल्या. आमच्या फलकावर मात्र लिहिलंय, ‘विशिष्ट शरीरयष्टीच्या व्यक्तींना प्रवेश नाकारला जाऊ शकतो.’ विशिष्ट म्हणजे कोण? वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपण नाही.

माझी आई ब्लाउज शिवते. दुसऱ्या दिवशी तिची टेप घेऊन गेले आणि पार्क उघडायच्या आधी विसाही पट्टे मोजले. साध्या आणि मोठ्या सीटमध्ये फरक अडीच इंचांचा. चार बोटं म्हणजे माझ्या हाताची तीन इंच. राहिला अर्धा इंच. पाठ टेकवून, श्वास सोडून त्या ११ वर बसल्या असत्या किंवा तिथेही नसत्या. रात्री जेवताना मी कधीकधी टेबलावर बोटं ठेवून ते अंतर बघते.

फलकावर इंच लिहा म्हटलं तर सर म्हणाले, आकडा लिहिला की उद्या तेवढ्याच छातीचा माणूस बसला नाही तर भांडायला येईल. त्यात तथ्य आहे, सगळ्यांची अंगं एका साच्यातली नसतात. मग सीट तरी हलवा. ‘विचारतो,’ म्हणाले. आता एप्रिल आहे.

तोवर मी गेटवरच बघते. गाडी आली की बहुतेक लोक पहिल्या रांगेकडे बघतात. एखादा मात्र हार्नेसकडे जरा जास्त वेळ बघतो. त्याला मी हळूच म्हणते, ‘तिसऱ्या रांगेत मधे बसा.’ परवा एका काकांनी विचारलं, ‘का हो, तिथून चांगलं दिसतं?’

मी ‘हो’ म्हटलं.