पेट्रोलचा वास येतो, पण थेंब कुठेच दिसत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गॅरेजवर हा प्रश्न नेहमी येतो: "गाडीत पेट्रोलचा वास येतोय, खाली वाकून बघितलं तर फरशी कोरडी. मग गळती आहे का?" बहुतेकदा असते. गरम इंजिनावर झिरपलेलं पेट्रोल जमिनीवर पडायच्या आत उडून जातं. धुळकट पाईपवर सांध्यापाशीच तेवढा धुतल्यासारखा पट्टा दिसला, तर गळती तिथे.

मी आधी एवढंच विचारतो, वास येतो कधी? टाकी काठोकाठ भरल्यावर येतो आणि थोडं पेट्रोल संपलं की जातो, तर दोष टाकीच्या वरच्या अंगाला: पेट्रोल भरायच्या तोंडाकडून उतरणारा रबरी पाईप, नाहीतर टाकीतल्या पंपाची सील. ही सील पुष्कळ गाड्यांत मागची सीट उचलली की सापडते. नोझल आपोआप बंद झाल्यावरही "राउंड फिगर करा" म्हणू नका. ते जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कॅनिस्टर खराब होतो.

सकाळी चावी फिरवल्याबरोबर वास आला, तर बॉनेट उघडा. इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत सेल्फ मारायच्या आधीच टाकीतला पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि पेट्रोलच्या लाईनमध्ये साधारण ३ बार (हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट) दाब भरतो. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची कडक झालेली ओ-रिंग (रबरी कडी) किंवा ढिली क्लिप तेव्हाच पाझरते. उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी पाईप कुरतडल्याचंही मी पुष्कळदा पाहिलंय.

जुन्या गाड्यांची मला जास्त काळजी वाटते. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांमधलं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. ते फुगतं, कडक होतं, चिरतं. अशी गाडी असेल तर वास यायची वाट न बघता रबरी पाईप दरवर्षी दाबून, वाकवून बघून घ्या.

"तशीच चालवत आणू का?" नाही. टो करून आणा. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये जमिनीलगत साचून राहते. ठिणगी कुठूनही पडू शकते.

दुरुस्तीत टेप आणि इपॉक्सी मी चालवून घेत नाही, पाईप बदलायचाच. तोही इंजेक्शनच्या दाबाचा घ्या, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा स्वस्त पाईप या दाबाला टिकत नाही. इंजिन बंद केलं तरी लाईनमध्ये दाब राहतो. म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची, आणि सांधा उघडताना भोवती फडकं धरायचं. पण पेट्रोल डोळ्यांदेखत ठिबकत असेल, तर इंजिन चालूच करू नका.

डिझेलच्या कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तिथे, तर बोटाने गळती चाचपायची नाहीच. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. ती बारीक धार कातडीत शिरली तर थेट ऑपरेशनची वेळ येते.

काम झालं की इंजिन सुरू न करता चावी तीन-चारदा चालू-बंद करा, सांध्याला कोरडा टिश्यू लावून बघा. नंतर गाडी गरम करून पुन्हा एकदा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना परत.