पऱ्हाटीवर बहिरी ससाणा

आज धुऱ्यावर उभा होतो. पऱ्हाटीवरून, म्हणजे कपाशीवरून, पारव्यांचा थवा निघाला आणि वरून बहिरी ससाणा तीरासारखा कोसळला. हवेत नुसती पिसं! अंगावर काटा आला.

अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकापायी याच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली, की उबवणाऱ्या मादीखालीच ती फुटायची. पूर्व भागातून तर तो संपलाच. १९७२ला तिथं डीडीटीवर बंदी आली. पक्षीशास्त्रज्ञ टॉम केड आणि सहकाऱ्यांनी बंदिस्त वाढवलेली पिल्लं उंचावरच्या पेट्यांत ठेवली. माणूस दिसू न देता खाऊ घातलं, पंख भरल्यावर दार उघडलं. केवढा धीर लागला असेल! १९९९ला तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला.

आमची बोंडअळीची फवारणी उद्या ठरली होती, ती थांबवली. मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री बोंडअळीचे आठ-आठ पतंग सापडले, तरच पंप भरायचा, असं घरी सांगितलंय.