तुम्ही विचारलंत म्हणून: दोघे भाऊ आणि दहाची गोळी

माझं नाशिकच्या सिडकोत मेडिकल आहे, एकवीस वर्षं काउंटरला उभा राहतोय, आणि महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी चिठ्ठी पुढे सरकवतं, मागे ओळखीचं कुणी नाही ना ते बघतं आणि हळूच विचारतं, "दादा, हे डिप्रेशन घराण्यातूनच येतं का हो? कुठलंतरी एन्झाइम कमी असतं म्हणे, त्याची जीन टेस्ट करून घेऊ का?" तिथे मागे रांग असते, नीट बोलणं होत नाही, म्हणून इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

घराण्यातून थोडंफार येतं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिक वाटा साधारण ३५ ते ४० टक्के धरतात, पण आईला होतं म्हणून मुलाला होणारच असं काही नाही, आणि हे एका जीनचं कामच नाही, शेकडो जीन्स थोडा थोडा हातभार लावतात.

एन्झाइमचं खूळ आलं ते टीबीच्या औषधातून. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड द्यायला लागले, तर अंथरुणाला खिळलेली माणसं हसायला-खेळायला लागली, वॉर्डात नाचायला लागली. मग लक्षात आलं की मेंदूत सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनलिन वगैरे निरोप पोचवणारी रसायनं मोडून काढणारं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम हे औषध अडवतं. पुढे लिव्हरला त्रास व्हायला लागला म्हणून ते औषध बंद झालं, पण डोक्यात बसलं ते बसलंच, की एन्झाइममध्ये फरक म्हणजे मूडमध्ये फरक. ते ऑक्सिडेज, डोपामिन मोडणारं कॉम्ट, फोलेट नावाच्या व्हिटॅमिनवालं एमटीएचएफआर, सगळ्यांचे जीन्स तपासून झाले, छोट्या अभ्यासात काहीतरी सापडायचं आणि पुढच्यात गायब. शेवटी २०१९ मध्ये लाखो लोकांचा डेटा घेऊन असे १८ नावाजलेले जीन्स एकत्र तपासले, तर डोळे मिटून उचललेल्या कुठल्याही जीनपेक्षा त्यांचा डिप्रेशनशी जास्त संबंध निघाला नाही. तरी एमटीएचएफआरचा रिपोर्ट घेऊन लोक महागातल्या फोलेटच्या गोळ्या मागायला येतात. मी देतो, धंदा आहे, पण मनाला पटत नाही.

आता माझं. २०२१ मध्ये मी स्वतः एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी घेत होतो, दहा मिलिग्रॅमची, थोरल्या भावालाही त्याआधी तीच दिलेली. तो महिनाभरात पूर्वीसारखा गप्पा मारायला लागला. मला मळमळ, रात्रभर टक्क जाग, आणि हात असे थरथरायचे की स्ट्रिप कापताना कात्री रेषेवर पडेना, एका गिऱ्हाइकाची गोळीच अर्धी कापली गेली. आई एक, बाप एक, गोळी एक, मग असं का?

तर फरक डोक्यात नव्हता, लिव्हरमध्ये होता. ही गोळी शरीराबाहेर काढायचं बरंचसं काम सीवायपी टू सी नाइन्टीन नावाचं एन्झाइम करतं आणि काहींच्यात ते जन्मतःच संथ असतं. युरोपात असे लोक शंभरात दोन-तीन, आपल्याकडे त्याहून कितीतरी जास्त. नाशिककरांना कळेल असं सांगतो, वरून येणारं पाणी तेवढंच पण गंगापूरची दारं निम्मीच उघडणारी, मग धरण भरतच जाणार. भावाच्या धरणात पाणी बेताचं, माझ्या पार काठोकाठ. डॉक्टरांनी टेस्ट करायला लावली, संथ निघालं, पाचची सुरू केली आणि दोन-तीन आठवड्यांत हात थांबले. म्हणजे जीनने मला डिप्रेशन आलं का ते नाही सांगितलं, गोळी किती झेपेल तेवढं सांगितलं.

गंमत म्हणजे हेच एन्झाइम क्लोपिडोग्रेलला, स्टेंट टाकलेले घेतात ती गोळी, जागं करतं. म्हणजे संथवाल्यांच्या अंगात एक गोळी साठत राहते आणि दुसरी नीट कामच करत नाही. तुमचा असा रिपोर्ट असेल तर हार्टच्या डॉक्टरांनाही दाखवा, मानसिकचा कागद म्हणून कपाटात लपवून ठेवू नका.

आणि जीन चांगला असला तरी हे एन्झाइम संथ करता येतं बरं का. ओमिप्राझोलने, म्हणजे अॅसिडिटीच्या गोळीने. हे चिठ्ठीवर नसतंच, लोक सकाळी तर्रीदार मिसळ हाणतात, दुपारी छातीत जळजळलं की येऊन स्वतःच मागतात. परवा एकजण असाच आला, एस्सिटालोप्रामची चिठ्ठी होती आणि वर "अॅसिडिटीचीही एक स्ट्रिप द्या." त्याला म्हटलं, ही रोज घेताय का? तर म्हणे, आठ महिने झाले. डॉक्टरांना सांगितलंय? "ती कुठे औषध आहे दादा, ती तर अॅसिडिटीची." मी चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरात ओमिप्राझोल, रोज, आठ महिने असं लिहिलं आणि सांगितलं की स्वतःहून काही बंद करू नका, आधी हे डॉक्टरांना दाखवा. त्याने वाचलं, घडी करून खिशात टाकलं आणि विचारलं, "मग जीन टेस्ट नको ना?"