माडाच्या आळ्यातली पेंड

दोन वर्षांपूर्वी दोडामार्गच्या घरी यॉर्कशायर जातीच्या डुकराची सहा पिल्लं आणली. गोव्यात गिऱ्हाईक पक्कं आणि परड्यात जागा रिकामी, एवढाच हिशेब. आई म्हणाली, "आधी गडग्याकडची कण्हेर काढ, मग डुकरं आण." कुरकुरत काढली. कण्हेरीचं पान, साल, बी सगळंच विषारी, थेट हृदयावर जातं. पान वाळलं तरी विष कमी होत नाही आणि जाळावं तर धूरही बाधतो. म्हणून फांद्या गडग्याबाहेर खड्ड्यात पुरल्या.

पाऊस लागला आणि कुंपणातून कळलावी वर आली. फूल येईपर्यंत ती चटकन लक्षात येत नाही. पानाचं टोक तणाव्यासारखं वळून शेजारच्या काटकीला धरतं, ती खूण. तिच्यातलं कोल्चिसिन हे विष कंदात भरपूर, आणि डुकराचं नाक जमिनीखालीच काम करतं. नांगराच्या आकाराचे ते कंद उपसण्यात माझे दोन रविवार गेले.

एवढं करून घात झाला तो भलतीकडेच. माडांच्या आळ्यांत एरंडी पेंड घालून नुसती वर माती ओढली होती. संध्याकाळी एक मादी जाळी नाकाने उचलून बाहेर पडली आणि तिने दोन आळी उकरली. हाकलून आत घातली. माती उकरणं हा त्यांचा धंदाच, त्यात काय पाहायचं? रात्री ठीक होती. सकाळी ओकाऱ्या, रक्ताची हगवण, कान गार.

गुरांचे डॉक्टर आले. मी त्यांना कुंपणाचं एकेक झुडूप दाखवत सुटलो. ते मात्र ओकारीकडे बघत होते. काडीने त्यातली काळी टरफलं बाजूला केली आणि विचारलं, "माडाला काय घातलंत?"

एरंडाचं तेल निघतं, पण बीमधलं रिसिन हे विष तेलात उतरत नाही, मागे चोथ्यात राहतं. पेंड नीट तापवलेली नसेल तर ते शाबूत असतं. त्यावर उतारा नाही. सलाईन लावायचं आणि वाट बघायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती उठून पाण्याच्या डोणीपाशी गेली, तेव्हा कुठे मी जेवलो.

खरं तर शेंगदाणा पेंड आणि एरंडी पेंड एकाच खोलीत, एकसारख्या गोण्यांत ठेवली होती. माझ्या गड्याने चुकून ही खाद्यात कालवली असती तर सहाही गेली असती. आता माडांना शेणखत. जाळी फूटभर जमिनीत गाडली आहे. अळू नि सुरण शिजवल्याशिवाय डोणीत पडत नाही.

उरलेली अर्धी गोणी शेजारच्या काकांच्या माडांना द्यायला निघालो होतो. त्यांच्या खळ्यात कुत्रा लोळत होता. गोणी तशीच खांद्यावर घेऊन परत आलो.